उघड्या टपाची, दोन सीटची जुनी गाडी घ्यायची आहे. कोणती घेऊ?

चकवा (शनिवार, रात्री १०:४२)

नमस्कार मंडळी. मी मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्टला राहतो. गेल्या सप्टेंबरात मुलगी युनिव्हर्सिटीत गेली, घरी आता आम्ही दोघंच. मोठी गाडी आहे आणि ती राहणारच, कारण देशातून कोणी आलं की विमानतळावरून चार बॅगा आणायच्या असतात. पण घरापासून अर्ध्या तासावर पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर आहेत आणि अठरा वर्षं मी ते बंद काचेतून बघत आलोय. लहानपणी काकांच्या उघड्या जीपमधून आंबोलीचा घाट चढलो होतो. धुकं अंगावरून जात होतं, ओल्या मातीचा वास येत होता. तो वास पुन्हा हवा आहे.

बजेट साडेसहा हजार पौंड. त्यातले हजार दुरुस्तीसाठी बाजूला. गॅरेज नाही, म्हणजे गाडी बारा महिने बाहेर पावसात उभी राहणार. वर्षाला तीन हजार मैलांच्या वर जाणार नाही. गिअर हाताचेच हवेत. बायकोही चालवणार आहे, तिची एकच अट: हीटर दणकून चालला पाहिजे.

चार गाड्या डोळ्यांसमोर आहेत. माझदा एमएक्स-५ (२००५ नंतरची, तिसरी पिढी), टोयोटा एमआर२, बीएमडब्ल्यू झी४ आणि पोर्शची बॉक्सटर. डोकं माझदा म्हणतंय, मन बॉक्सटर. ज्यांनी यातली कुठलीही वापरली आहे त्यांनी कृपया लिहा.

सायली_लीड्स (शनिवार, रात्री ११:१५)

माझदा. पुढचा प्रश्न विचारा. :)

थोडं सविस्तर: माझ्याकडे सात वर्षं आहे, तिसऱ्या पिढीतली, दोन लिटरची, कापडी टपाची. टप हाताने उघडतो. सिग्नलला थांबले की एक खटका सोडायचा आणि बसल्या जागेवरून मागे ढकलायचा, दहा सेकंदांचं काम. डिकी १५० लिटरची आहे. दिवाळीचे फराळाचे पाच डबे आणि माझी पर्स, बस्स. जानेवारीतही टप उघडून फिरते. काचा वर, हीटर पायांवर, डोक्याला लोकरीची टोपी. तुमच्या सौभाग्यवतींना सांगा, हीटरची काळजी नको.

टॉर्कवाला (रविवार, सकाळी ८:०३)

सायलीताईंना अनुमोदन. माझदाने ही गाडी १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात आणली, तेव्हा छोटी रोडस्टर (उघड्या टपाची, दोन सीटची गाडी) हा प्रकार जवळजवळ संपला होता. एमजी आणि ट्रायम्फचे कारखाने बंद पडले होते. लोटस एलान या जुन्या ब्रिटिश रोडस्टरचा हलकेपणा घ्यायचा आणि जपानी गाडीसारखी रोज सकाळी सुरू होणारी गाडी करायची, हा त्यांचा विचार. पहिल्या पिढीचं वजन टनाच्या आत होतं. इंजिन पुढे, पण पुढच्या चाकांच्या आसाच्या मागे सरकवलेलं, ताकद मागच्या चाकांना, पुढे-मागे वजन जवळपास समसमान. त्यामुळे तीस मैलांच्या वेगातसुद्धा वळण अंगात उतरतं. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये दुसरी कुठलीच इतकी विकली गेलेली नाही. म्हणून सुटे भाग मुबलक आणि स्वस्त. तुमच्या बजेटात याला फार महत्त्व आहे.

मेस्त्री (रविवार, सकाळी ९:३०)

मी इथे गेली चौदा वर्षं गॅरेजमध्ये काम करतो. कोणती गाडी हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, गाडीच्या खाली काय आहे?

या देशात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ गाडीच्या पोटाला चिकटून राहतं आणि गंज आतून धरतो. वरून गाडी आरशासारखी चमकत असते. एमएक्स-५ चं दुखणं सांगतो. टपावरचं पाणी सीटच्या मागे एका पन्हळीत पडतं, तिथून दोन नळ्यांतून दारांच्या मागून खाली उतरतं आणि मागच्या चाकाच्या पुढे बाहेर पडतं. गाडी झाडाखाली उभी असेल तर पानांचा चिखल त्या नळ्यांत बसतो. पाणी तुंबतं, दाराखालच्या पोकळ पट्टीत साचतं आणि ती पट्टी आतून कुजते. मागच्या चाकाची कमान आणि पट्टी जिथे जुळतात तिथला रंग फुगलेला दिसला, तर आत भोक आहे असं धरून चाला. दुसऱ्या पिढीच्या गाड्यांत पुढच्या चासीच्या दांड्याही गंजतात, आणि त्या इंजिनाच्या बाजूने लपलेल्या असतात. तिसऱ्या पिढीत हे प्रमाण कमी, पण गाडी आता पंधरा-वीस वर्षांची आहे, तेव्हा बघायला हवंच.

बघायला जाताना फ्रिजवरचं चपटं चुंबक फडक्यात गुंडाळून न्या. कमानीवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. सीटमागच्या कार्पेटवर तळहात दाबा. ओलं लागलं तर नळ्या तुंबल्यात. आणि गुडघ्यांवर बसून टॉर्चने खाली बघा. मालक कुरकुरला तर निघून या.

रानवाट (रविवार, सकाळी १०:१२)

मेस्त्री, प्रतिसाद जपून ठेवला आहे. हे मला चार वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवं होतं.

मी अशीच लाल रंगाची एक रोडस्टर घेतली होती. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, कुणाचीही असती. पावसात बघितली, पाऊस असल्यामुळे सगळाच रंग चकचकीत दिसला आणि खाली वाकायचा कंटाळा केला. पहिल्या एमओटीला (दर वर्षीची सक्तीची तपासणी) दोन्ही बाजूंच्या पट्ट्या नापास. वेल्डिंगचं बिल गाडीच्या निम्म्या किमतीइतकं आलं. नंतर घरी बसून तिचा एमओटीचा जुना इतिहास सरकारी संकेतस्थळावर उघडला, तर तीन वर्षं ओळीने 'गंज वाढतो आहे' अशी सूचना लिहिलेली होती. फुकट वाचता येतं ते! नंबर टाकला की दर वर्षीचे मैल, नापास झाल्याची कारणं, सूचना, सगळं समोर. चकवा, गाडी बघायला निघण्याआधी हे वाचाच.

कोपरखळी (रविवार, सकाळी १०:४०)

आणि मैलांचा आकडा एखाद्या वर्षी मागे गेलेला दिसला तर मालकाला नमस्कार करून परत या.

निळावंती (रविवार, दुपारी १२:२०)

मी दुसऱ्या बाजूने बोलते. चकवा, तुम्ही लिहिलंय 'मन बॉक्सटर'. मग बॉक्सटर बघा.

आमच्याकडे २००३ ची २.७ आहे, घेऊन नऊ वर्षं झाली. इंजिन पाठीमागे, सीट आणि मागची चाकं यांच्या मधोमध. सहा सिलिंडर आडवे. चार हजारांच्या पुढे फेरे गेले की मानेमागून जो आवाज येतो तो शब्दात सांगता येत नाही. माझदा मी चालवली आहे, छान आहे, पण इंजिनाचा आवाज लक्षात राहिला नाही. शिवाय बॉक्सटरला दोन डिक्या, एक पुढे, एक मागे. दोघांचं आठवड्याचं सामान मावतं. आम्ही स्कॉटलंड करून आलो.

२००३ च्या आधीची घेतलीत तर टपाची मागची काच प्लॅस्टिकची असते, ती पिवळी पडते आणि थंडीत तडकते. २००३ पासून खरी काच आली.

टॉर्कवाला (रविवार, दुपारी १:०५)

निळावंती, आवाजाबद्दल दुमत नाही. पण आयएमएस बेअरिंगचं काय? नवीन माणसाला आधी ते सांगायला हवं.

चकवा, या इंजिनात मधला एक दांडा असतो, क्रँकशाफ्टवरून कॅमशाफ्टकडे फिरणं पोचवणारा. त्याच्या एका टोकाची बेअरिंग काही इंजिनांत तुटते, आणि तुटली की इंजिन गेलं. सगळ्यांची तुटत नाही, पण तुटते तेव्हा दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात ती बेअरिंगच नाही, पण त्या गाड्या साडेसहा हजारांत कुठल्या मिळायला?

निळावंती (रविवार, दुपारी १:३२)

आम्ही क्लच बदलताना ती बेअरिंगही बदलून घेतली. गिअरबॉक्स तसाही उतरवावा लागतो, म्हणजे मजुरी एकदाच. ज्या गाडीवर हे काम झाल्याची पावती आहे तीच घ्यायची. आणि वर्षातून एकदा ऑईल, मैल कितीही कमी झाले तरी. घाबरून आयुष्यभर मनातली गाडी न घेणं मला पटत नाही.

मेस्त्री (रविवार, दुपारी २:१५)

दोघांचं बरोबर आहे. मी एवढंच म्हणेन की हजार पौंड दुरुस्तीला राखलेत, ते माझदाला आणि टोयोटाला पुरतील. बॉक्सटरला अडीच-तीन राखा आणि मग साडेतीनची बॉक्सटर कशी असेल याचा विचार करा. स्वस्तातली पोर्श स्वस्त का आहे, ते आधीच्या मालकाला माहीत असतं.

झी४ बद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सहा सिलिंडरवाली घ्या, इंजिन सोनं आहे. पण पहिल्या झी४ मध्ये टप उघडणारी मोटर टपाच्याच खोबणीत तळाला बसवली आहे. पाण्याच्या नळ्या तुंबल्या की मोटर बुडते. तुमची गाडी बाहेर पावसात राहणार, म्हणजे दर दोन महिन्यांनी नळ्या साफ. स्ट्रिमरची (गवत कापायच्या यंत्राची) नायलॉनची दोरी घालून हलक्या हाताने. तार घालू नका, नळीला भोक पडेल.

काणकोणकर (रविवार, दुपारी ३:५०)

थोडं अवांतर, पण राहवत नाही. आपल्याकडेही एक उघड्या टपाची दोन सीटची गाडी झाली होती हे किती जणांना माहीत आहे? सॅन स्टॉर्म. आमच्या गोव्यात, वेर्ण्याच्या कारखान्यात बनायची. रेनोचं बाराशेच्या आतलं इंजिन, साठेक अश्वशक्ती, पुढच्या चाकांना ताकद, आणि अंग फायबरचं. समुद्राच्या खाऱ्या हवेत पत्रा कुजतो, त्यावर हा चांगला उपाय होता. मेस्त्रींच्या चुंबकाला तिथे काम नाही!

मी शाळेत असताना मडगावात एक पिवळी उभी दिसायची. आम्ही पोरं क्लासला जाताना वाट वाकडी करून तिच्यासमोरून जायचो. फार थोड्या बनल्या. पण तेव्हा भारतात कोणी असली गाडी करायचं मनावर घेतलं आणि ती रस्त्यावर आणली, याचा मला अजून अभिमान वाटतो. पुढेमागे एखादी मिळाली तर घेऊन ठेवणार आहे.

सायली_लीड्स (रविवार, दुपारी ४:१०)

काणकोणकर, हे माहीतच नव्हतं! फोटो असेल तर वेगळा धागा काढा ना.

पानगळ (रविवार, संध्याकाळी ५:२५)

एमआर२ ला सगळ्यांनी वाळीत टाकलंय का? अकरा वर्षं चालवतोय. लिहितोच आता.

१.८ लिटर, १३८ अश्वशक्ती, इंजिन मध्यभागी. म्हणजे बॉक्सटरची मांडणी, पण वजन टनाच्या आसपास आणि इंजिनात टोयोटाच्याच सेलिका-कोरोलाचा वंश. टप एका हाताने उघडतो, मोटर नाहीच, त्यामुळे बुडायला काही नाही. मागची काच खरी काच, तारा गरम होणारी.

दोष लपवत नाही. डिकी नाही. सीटच्या मागे एक कुलूपबंद खण आहे, त्यात दोन पिशव्या, आणि पुढे स्टेपनीच्या वर थोडी जागा. मोठा दोष म्हणजे प्री-कॅट. इंजिनाला चिकटून दोन छोटे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतात. इंजिन ऑईल प्यायला लागलं की ते आतून भुगा होतात आणि तो भुगा इंजिनात ओढला जाऊन सिलिंडर खरवडतो. सुरुवातीच्या गाड्यांत हे जास्त. २००३ च्या सुमारास सुधारित गाडी आली, सहा गिअरची, तिच्यात खूप कमी. तिसरी गोष्ट, मागची सबफ्रेम (गाडीखालची लोखंडी चौकट) गंजते. नवी बसवता येते, पण काम मोठं आहे. आधीच्या मालकाने बसवून घेतली असेल तर डोळे झाकून... नाही, डोळे उघडून घ्या.

उन्हाळ्यात संध्याकाळी होम मॉसच्या घाटावरून खाली येताना ही गाडी हातात असावी. बस, मला एवढंच सांगायचंय.

बिनतारी (रविवार, संध्याकाळी ६:००)

एमजीएफ किंवा एमजी टीएफ का नाही? ब्रिटनमध्ये राहून ब्रिटिश रोडस्टर नाही?

मेस्त्री (रविवार, संध्याकाळी ६:४०)

बिनतारी, भावना समजते. त्यांच्या के-सिरीज इंजिनाचं दुखणं म्हणजे हेड गॅस्केट; त्याचं काम झालेली, सुधारित गॅस्केट टाकलेली गाडी मिळाली तर दिसायला सुंदर आणि किमतीला सर्वात कमी. एमजीएफला स्प्रिंगऐवजी द्रवावर चालणारं हायड्रागॅस सस्पेन्शन आहे, ते भरायला यंत्र लागतं आणि ते सगळ्या गॅरेजांत नसतं. २००२ च्या टीएफपासून साध्या स्प्रिंगा आल्या. हौसेने हाताने काम करणाऱ्यासाठी गाडी चांगली आहे. चकवांना रविवारी फिरायचंय की रविवारी पाने फिरवायचेत, त्यावर ठरेल.

चकवा (रविवार, रात्री ९:१८)

इतक्या मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, आभार. फिरायचंय. पाने मला धड धरता येत नाहीत.

बायकोने सगळा धागा वाचला. तिचे प्रश्न: उंची ५ फूट १, स्टीअरिंग आणि पाय दोन्ही नीट पोचतील का? आणि दुसऱ्या गाडीचा विमा महाग पडतो का?

सायली_लीड्स (रविवार, रात्री ९:४५)

मी ५ फूट २. माझदात मस्त बसते. उलट उंच लोकांचे हाल. तिसऱ्या पिढीत स्टीअरिंग फक्त वर-खाली होतं, पुढे-मागे होत नाही. नवऱ्याचे गुडघे अडकतात, म्हणून गाडी माझीच राहिली आहे.

विमा: बिनदाव्याची सवलत बहुधा एका वेळी एकाच गाडीला लागते, म्हणून दुसरीला पहिल्या वर्षी जास्त सांगतात. काही कंपन्या तीच सवलत दुसऱ्या गाडीला धरतात, फोन करून विचारायचं. मर्यादित मैलांची पॉलिसी घ्या. गाडी घ्यायच्या आधी नंबर टाकून भाव काढा, नंतर नाही.

झेंडू (रविवार, रात्री १०:३०)

लंडनकरांसाठी जाता जाता: ऑगस्ट २०२३ पासून युलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेण्याचा नियम) लंडनच्या सगळ्या बरोंना, म्हणजे विभागांना, लागू आहे. पेट्रोल गाडी युरो ४ (धुराचं मानक) असली की चालते, ढोबळमानाने २००६ नंतरच्या. त्याआधीच्याही बऱ्याच बसतात, नंबर टाकून तपासा. मी ते न तपासता एक घेणार होतो, मैत्रिणीने थांबवलं.

पानगळ (बुधवार, रात्री ८:१५)

चकवा, काही पाहिली का?

चकवा (तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ७:५०)

पाहिल्या. पाच पाहिल्या. क्रमाने सांगतो.

पहिली बॉक्सटर. चांदीच्या रंगाची, आत बसलो आणि निळावंती म्हणतात तो आवाज ऐकला. अंगावर काटा आला, खरंच. पण बेअरिंगची पावती नाही, क्लच शेवटाला आलेला, मागची दोन टायर वेगवेगळ्या कंपन्यांची. मालक चांगला माणूस होता, त्यानेच सांगितलं की मला परवडत नाही म्हणून विकतोय. तिथून परत येताना तासभर गाडीत कोणी बोललं नाही.

मग दोन माझदा. एकीच्या कमानीवर चुंबक घसरून माझ्या बुटावर पडलं. दुसरी चांगली होती, पण तिच्या कार्पेटला तळहात ओला झाला आणि मालक म्हणाला, कालच धुतली. बायको म्हणाली, सीटमागचं कार्पेट कोण धुतं?

झी४ चालवली. हायवेला राजा गाडी. आमच्या डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवर, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, मला ती रुंद वाटली.

पाचवी एमआर२. २००४ ची, गडद हिरवी, सहा गिअरची. एमओटीच्या इतिहासात सहा वर्षांपूर्वी 'मागची सबफ्रेम गंजलेली' अशी सूचना, आणि पुढच्या वर्षापासून गायब. मालकाकडे फाईल होती, नव्या सबफ्रेमची पावती आणि कामाचे फोटो. डिपस्टिकवर ऑईल वरच्या खुणेला, रंग मधासारखा. खाली वाकून टॉर्च मारला तर काळा मेणाचा थर सगळीकडे, आणि मालक माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसून 'हे बघा, इथेही बघा' म्हणत होता. पहिला फेरफटका बायकोने मारला. परत आली तेव्हा केस विस्कटलेले, आणि किल्ली मला द्यायच्या आधी म्हणाली, हीटर चांगला आहे.

पाच हजार दोनशेला घेतली.

पानगळ (रविवार, रात्री ७:५८)

!!!!! अभिनंदन!! फोटो! फोटो! फोटो!

निळावंती (रविवार, रात्री ८:१०)

अभिनंदन चकवा. बॉक्सटर नाही घेतलीत तरी ऐकून तरी आलात, मला आनंद आहे. आणि 'तासभर कोणी बोललं नाही' हे वाचून डोळ्यात पाणी आलं, तो प्रवास मी केलेला आहे.

मेस्त्री (रविवार, रात्री ८:३५)

छान निवड. आता दोन गोष्टी पाळा. दर दुसऱ्यांदा पेट्रोल भराल तेव्हा डिपस्टिक बघा, या इंजिनाला ऑईल कमी पडता कामा नये. आणि इंजिन मागे आहे, पुढचं टोक हलकं आहे. ओल्या रस्त्यावर वळणात शिरल्यावर घाबरून अॅक्सिलरेटर एकदम सोडला तर मागचा भाग घसरतो आणि सावरायला वेळ मिळत नाही. वळणाआधी ब्रेक, वळणात पाय स्थिर. पहिले महिनाभर पावसात सावकाश. वहिनींनाही सांगा.

नोव्हेंबरात मीठ टाकायला लागले की गाडी खालून पाण्याने धुवा. पूर्ण हिवाळा उभीच ठेवणार असाल तर सॉर्न करा (गाडी रस्त्यावर नाही अशी सरकारी नोंद), उरलेल्या महिन्यांचा कर परत मिळतो.

चकवा (रविवार, रात्री ९:०५)

मेस्त्री, हे छापून डॅशबोर्डच्या खणात ठेवलंय.

आज पहाटे सहाला निघालो. मॅकल्सफील्डहून कॅट अँड फिडलच्या रस्त्याने बक्सटन. तिथे सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, पन्नासची मर्यादा, पण पन्नासला पुरेसं होतं. वर माथ्यावर ढग रस्त्यावर उतरलेला होता. टप उघडाच ठेवला. दोन मिनिटं काही दिसलं नाही, चष्म्यावर थेंब, आणि गवताचा, ओल्या दगडाचा, मेंढ्यांचा वास. आंबोलीसारखा नाही. पण मी बायकोला काकांच्या जीपची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. पंचवीस वर्षांत कधी सांगितलीच नव्हती.

सायली_लीड्स (रविवार, रात्री ९:२०)

किती सुंदर लिहिलंत. पुढच्या महिन्यात मी होम मॉसवरून येऊ का? पानगळ, तुम्हीपण. कुठेतरी मध्ये भेटू.

पानगळ (रविवार, रात्री ९:२६)

येतो. कॅसलटनला भेटू, नऊ वाजता. येताना मॅम टॉर डोंगराच्या बाजूच्या जुन्या रस्त्याकडे वळू नका, तो १९७९ मध्ये दरड सरकल्यापासून बंद आहे, नकाशावर अजून दिसतो. विन्नॅट्सच्या खिंडीतून उतरा.

चकवा (रविवार, रात्री ९:३३)

नक्की. बायको थालीपीठं आणते म्हणते आहे. फक्त डबा छोटा असेल, सीटच्या मागे मावेल एवढाच.

सायली_लीड्स (रविवार, रात्री ९:३५)

लोणी मी आणते. माझ्याकडे १५० लिटर आहेत.